हसाजी कासवाची पाठ आणि कमी पडलेला एक

एका जंगलात एक राजा होता आणि तो कुणालाही दिसत नव्हता.

पोरांनो, लगेच हात वर करू नका. दिसणारे राजे तुम्हाला माहीत आहेत. ते आयाळ हलवत फिरतात, दुसऱ्याची शिकार पळवतात आणि उरलेली हाडं वाटून दाते म्हणवून घेतात. या राजाला आयाळ नव्हती. गुहा नव्हती. त्याचा पुतळा करायला बंदी होती, त्यामुळे कावळ्यांची थोडी गैरसोय व्हायची, पण तेवढंच.

या राजाची बातमी जंगलात आणली हसाजी कासवानं. फार जुनी गोष्ट. दूरच्या देशाहून येणारं एक तारू किनाऱ्याजवळच्या खडकावर फुटलं. तारवातली माणसं पोहून काठाला लागली. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी ते बंद ठेवले आणि ज्या गावात राहिले त्या गावाचं नाव लावून ते गावकर झाले. ती त्यांची गोष्ट आहे, त्यांनी सांगावी. आपलं कासव त्याच तारवातलं. तेही पोहत आलं, फक्त जरा उशिरा पोचलं.

हसाजी यहुदी होता. कासव यहुदी कसं, असं विचारू नका. गोष्टीत सिंह न्यायी असतो तेव्हा तुम्ही गप्प ऐकून घेता.

समुद्राच्या बाजूला एक मोठा कातळ होता. हसाजी संध्याकाळी तिथं बसायचा आणि सगळे भोवती जमायचे. तो म्हणायचा, "सुरुवातीला राजा एकटाच होता. सगळीकडे तोच. दुसरं काही ठेवायला जागाच नाही. आता मला सांगा, ज्याला राजा म्हणायला समोर कुणी नाही, तो कसला राजा? मग त्यानं अंग चोरलं. थोडा मागे सरला. मधे जागा झाली. त्या जागेत आपण आहोत."

हे ऐकून म्हातारे माना डोलवायचे. मागे उभ्या असलेल्या पोरांना बसता यावं म्हणून त्यांच्यातला एकही बोटभर सरकायचा नाही. पण मान डोलवण्यात कसूर नव्हती.

"मग त्या जागेत त्यानं उजेड ओतला," हसाजी सांगायचा. "मडक्यांतून ओतला. उजेड फार आणि मडकी कच्ची. फुटली. ठिणग्या जिकडेतिकडे पडल्या. काही मोराच्या पिसाऱ्यात पडल्या, काही शेणात पडल्या. शेणातली ठिणगी हलकी नसते. ती उचलायला वाकावं लागतं, एवढाच फरक."

म्हातारे पुन्हा मान डोलवायचे.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो. ती ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे.

राजाला हाक मारायची तर दहा जण लागत. नऊ असले तर राजा येत नाही. हसाजी म्हणायचा, "राजा एकच आहे, पण त्याला बोलवायला दहा वेगवेगळे गळे लागतात. एकाच गळ्यातून दहादा मारली तर ती एकच हाक."

पण दहा आहेत हे कळणार कसं? कारण जिवंत जिवाला एक, दोन, तीन करून मोजायला सक्त मनाई. मोजायचे ते नारळ. मग हसाजीनं दहा शब्दांचं एक वाक्य करून दिलं. सगळ्यांनी कातळावर रिंगण करून उभं राहायचं. डोळे मिटायचे. एकेकानं एकेक शब्द म्हणायचा.

सगळे मिळून एक हाक दिली तर राजा इथेच उतरतो बघ.

वाक्य पुरं झालं की दहा झाले. कुणी कुणाला मोजलं नाही आणि सगळे धरले गेले. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं होतं.

हसाजी असेपर्यंत त्याच्या उजव्या हाताला एक चिचुंद्री उभी असायची. तिचं नाव इसाजी. हो, नर होता. जंगलाच्या कडेला दोन दगडांच्या मधे तो करंजाच्या बिया भरडून तेल काढायचा. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत कातळावरचा दिवा त्याच तेलानं लागायचा. सूर्य बुडाला की शनिवार सुरू. मग काम नाही, आग नाही, खणणं नाही, ओझं नाही. त्यामुळे जे काय करायचं ते उजेड असताना.

वाक्यातला शेवटचा शब्द, 'बघ', इसाजीच्या वाट्याला यायचा. चिचुंद्रीला मुळात दिसतं कमी. पण तो शब्द तो असा म्हणायचा की डोळे मिटलेल्यांनाही काहीतरी दिसल्यासारखं वाटायचं.

मग हसाजी वारला. कासवं खूप जगतात, पण कायमची जगत नाहीत.

म्हाताऱ्यांनी त्याला मातीत ठेवलं आणि त्याची पाठ तेवढी काढून घेतली. छान घासली. पिंपळाच्या पानांवर त्याची शिकवण लिहून ती पानं पाठीत भरली आणि पाठ कातळावर मांडली. येता जाता सगळे तिला हात लावून हात कपाळाला लावू लागले. हसाजी जिवंत असताना त्याच्या पाठीवर पाय ठेवून हेच लोक कातळावर चढायचे.

आणि मग जंगलात एकी सुरू झाली.

एकीचे अध्यक्ष होते दाऊदजी वानर, गाव वडाचीवाडी, म्हणून वडवाडकर. त्यांनी पहिल्याच शुक्रवारी सांगितलं, "राजा एक. मग हाक एक. मग सूर एक. इतके दिवस कोण काव करतंय, कोण कुहू करतंय. राजाला काय वाटत असेल?"

"काय वाटत असेल?" एलोजी गव्यानं विचारलं. तो आकारानं मोठा आणि समजायला सावकाश.

"आपल्यात एकी नाही असं."

"मग सूर कुणाचा धरायचा?"

"ते राजाच्या मनात असेल ते," असं म्हणून दाऊदजींनी डोळे मिटले, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "हुप्."

तेव्हापासून सगळ्यांनी हुप् करायचं ठरलं. मोर हुप् करायला शिकला. साळिंदर शिकलं. सशाचा गळा वाक्यातल्या एका शब्दापुरताच, हुप् करताना तो नुसतं तोंड उघडायचा. सगळ्यात शिस्तीचा म्हणून त्याचं कौतुक झालं. कावळ्यांना जमेना, ते उडून गेले. कोकिळा रुसून गेली. रानडुक्कर हुप् म्हणताना हसलं, त्याला काढून टाकलं. जंगलात एकी वाढत गेली तशी माणसं कमी होत गेली. प्राणी म्हणा हवं तर.

इसाजीलाही बाहेर काढलं. त्याचं कारण सूर नव्हतं. त्याचं कारण वास.

चिचुंद्रीला वास असतो, पोरांनो. उग्र असतो. तो तिनं मागून घेतलेला नाही. मुसाजी बगळा हा त्या जंगलातला विद्वान. एका पायावर उभा राहतो म्हणून विद्वान. तो म्हणाला, "वासानं चित्त विचलित होतं. चित्त एक नसेल तर हाक एक कशी होणार? इसाजीनं रिंगणाबाहेर बसावं. वाऱ्याच्या खालच्या अंगाला."

मग वारा फिरला की इसाजीची जागा फिरायची. तेल मात्र त्याचंच चालायचं. शुक्रवारी तो दिवा भरून ठेवायचा, बाहेर जाऊन बसायचा, आणि वाक्य शेवटाला आलं की स्वतःशी पुटपुटायचा, बघ. आत तोच शब्द धनेश पक्षी म्हणायचा. दोघांचा शब्द एकाच वेळी पडायचा. कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त इसाजीच्या मुलीच्या. तिचं नाव रिबा.

मग एका आठवड्यात धनेशही गेला. दाऊदजींनी त्याला अर्ध्या चोचीनं हुप् करायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "चोच मला राजानं दिली आहे. तक्रार तिकडे करा." आणि गेला.

राहिले नऊ. वानर, गवा, बगळा, मोर, साळिंदर, ससा, घोरपड, मुंगूस आणि खवल्या मांजर. पण मोजायला मनाई, त्यामुळे हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच शुक्रवारी दुपारी इसाजी घाण्यापाशी वारला. हातात करंजाची बी तशीच.

रिबानं बापाला पानात गुंडाळलं. ओढत ओढत कातळापाशी आणलं. कडेकडेनंच आली, चिचुंद्र्या मधून चालत नाहीत. शेजारी मातीत तिनं खड्डा खणून ठेवला. मग वाऱ्याची दिशा बघून खालच्या अंगाला उभी राहिली आणि म्हणाली, "दाऊदजीकाका, बाबा गेले."

"अरेरे," दाऊदजी म्हणाले. "तेल आलंय ना आजचं?"

"आलंय. दिवा भरून ठेवलाय."

"मोठ्या मनाचा होता तुझा बाप."

"काका, कद्दीश म्हणायला हवी. दहा जणांनी. सूर्य बुडायच्या आत. नाहीतर आज पुरता येणार नाही, आणि उद्या सगळा दिवस तसाच ठेवला तर मुंगळे काही ठेवणार नाहीत."

कद्दीश म्हणजे मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. गंमत बघा, तिच्यात मरणाचा शब्दही नाही. ज्याचं माणूस गेलं तो उभा राहतो आणि म्हणतो, राजाचं राज्य मोठं होवो, ते आपल्या डोळ्यांदेखत येवो. बाकीचे म्हणतात, तथास्तु. दु:खात बुडालेल्यानं राजाची बाजू घ्यायची आणि इतरांनी त्याची. दहाशिवाय ती म्हणता येत नाही.

"बाबा अर्धा जन्म बाहेर बसले," रिबा म्हणाली. "एकदा दहा जणांनी त्यांच्यासाठी तोंड उघडावं. दुसरं काही नको."

"उघडू की," एलोजी गवा म्हणाला. "तोंड तर उघडायचंय."

नऊ जण रिंगणात उभे राहिले. डोळे मिटले.

"सगळे."

"मिळून."

"एक."

"हाक."

"दिली."

"तर."

"राजा."

"इथेच."

"उतरतो."

दहावा शब्द आला नाही. समुद्राचा आवाज तेवढा.

"बघ," रिबा म्हणाली.

सगळ्यांनी डोळे उघडले. दाऊदजींनी विचारलं, "कोण बोललं?"

"मी."

"बाहेरून बोललेलं धरत नाहीत, पोरी."

"मग आत येते."

नऊच्या नऊ जण एक पाऊल मागे सरले. इतक्या चपळाईनं ते कधी कुणासाठी सरले नव्हते. राजानं जगासाठी जागा केली तेव्हाही एवढी घाई केली नसावी.

"राग मानू नकोस," मुसाजी बगळा नाकपुड्या आवळून म्हणाला. "आमचं तुझ्यावर प्रेम आहे. पण शास्त्र शास्त्र आहे."

"कुठलं शास्त्र, मुसाजीकाका? हसाजीआजोबांनीच सांगितलं होतं ना धुपाचं? राजाच्या मंदिरात धूप करायचे, त्यात सुवासिक जिन्नस घालायचे आणि एक घाण वासाचा डिंकही घालायचे. तो डिंक राहिला तर धूप राजाला चालत नसे."

"वा," मुसाजी खूष झाला. "छान पाठ आहे तुला. तो फार गहन भाग आहे. त्याचा अर्थ असा, की वाईटालाही विश्वात स्थान आहे."

"कुठे?"

"विश्वात. इथे नव्हे."

सूर्य कातळावरून खाली सरकत होता. दाऊदजी म्हणाले, "भांडत बसू नका. दहावा शोधू. एकी असली की माणूस मिळतो."

"रानडुकराला बोलवायचं का?" एलोजीनं विचारलं.

"ते हसतं."

"धनेश?"

"चोच."

"कावळे?"

"कावळ्यांनी परत येण्यासाठी अर्ज केलाय का? नाही ना."

तेवढ्यात पलीकडच्या जंगलातलं एक भेकर पाणी शोधत कातळावर आलं. दाऊदजींचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला दोन्ही हातांनी ओढून रिंगणात घेतलं. "या पाहुणे. थोडा वेळ उभं राहायचं, डोळे मिटायचे, एक शब्द म्हणायचा. फुकट पुण्य."

"कसलं?"

"दहा व्हायचे आहेत. एक कमी पडतोय."

भेकरानं इकडे तिकडे बघितलं. परकं होतं. त्याला डोळे उघडे ठेवायची सवय होती. ते खूर आपटत म्हणालं, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. आणि ती तिकडे उभी आहे, ती दहा. झाले की. मी कशाला हवा?"

नऊही जणांनी कान झाकून घेतले.

"यानं मोजलं," मोर हळूच म्हणाला.

"जिवंत जिवांना मोजलं," घोरपड म्हणाली.

"खुरानं," मुंगूस म्हणालं.

"मग काय करणार, शिंगांनी मोजू?" भेकर म्हणालं. "आणि अहो, ती उभी आहे ती रडतेय. तिला कुणी बसा तरी म्हणा."

भेकराला हाकलून दिलं. त्यानं जे सांगितलं ते खरं की खोटं याच्यावर कुणी बोललं नाही. ते मोजून सांगितलं होतं, म्हणून ते ऐकणंसुद्धा पाप होतं. त्याच्या खुरांमुळे कातळ बाटला, म्हणून घटकाभर वेळ पाणी शिंपडण्यात गेला. रिबा आपल्या बापावरचे मुंगळे बाजूला करत बसली.

पाणी शिंपडताना वेळ जावा म्हणून मुसाजीनं प्रवचन सुरू केलं. विद्वानाला नुसतं उभं राहता येत नाही.

"दहालाच का महत्त्व? तर राजाच्या उजेडाच्या दहा पायऱ्या आहेत. पहिली मुकुट. मग शहाणपण, समज, दया, कठोरपणा असं करत करत दहावी. दहावीचं नाव राज्य. राजाचं राजेपण तिच्यातच आहे. आणि खुबी काय, की तिच्यापाशी स्वतःचं काही नसतं. चंद्रासारखी ती. वरच्या नऊ पायऱ्यांवर कितीही उजेड असू दे, तिच्यावाचून तो खाली उतरत नाही."

"ती कुठे असते?" रिबानं विचारलं.

"सगळ्यात खाली. बिचारी परदेशात हिंडते, दारोदार. आपण तिच्यासाठी रडलं पाहिजे, असं सांगितलंय."

"तुम्ही रडता?"

"दर शुक्रवारी."

"तिला वास येतो का?"

मुसाजीनं पाय बदलला. "असले प्रश्न चाळिशीनंतर विचारायचे असतात."

चिचुंद्री दोन-तीन वर्षं जगते. पण ते असो.

सूर्य आता समुद्राला टेकायला आला. एलोजी गव्यानं सगळ्यांत शेवटी विचार केला आणि सगळ्यांत आधी बोलला. "ही पाठ धरली तर?"

"कुठली पाठ?"

"हसाजीची. आत शिकवण आहे. शिकवण म्हणजे हसाजीच. हसाजी म्हणजे एक. नऊ आणि एक."

दाऊदजींनी त्याला मिठी मारली. मुसाजीनंही हरकत घेतली नाही. पाठीला वास नव्हता.

"काका," रिबा म्हणाली, "हसाजीआजोबा मेलेत."

"म्हणून काय झालं? थोर होते."

"मेलेला चालत असेल तर माझे बाबा पण मेलेत. त्यांनाच धरा. तेवढंच त्यांना आत येता येईल."

दाऊदजींनी पाठीवरची धूळ झटकली. सशानं तोंड उघडलं, पण ते त्याचं नेहमीचं.

"तुझं दु:ख आम्हाला कळतं," दाऊदजी शेवटी म्हणाले. "पण दु:खात माणूस फार बोलतो. तू जरा मागे हो. वारा फिरलाय."

पाठ उचलून रिंगणाच्या टोकाला मांडली. वारा फिरला होता, म्हणून रिबाही तिकडेच फिरली होती. पाठ तिच्या पुढ्यात आली. कातळावरच्यांना तिचं तोंड दिसेनासं झालं. मधे हसाजी, मागे ती, तिच्या पायाशी पानात गुंडाळलेला बाप.

नऊ जणांनी डोळे मिटले.

"सगळे." "मिळून." "एक." "हाक." "दिली." "तर." "राजा." "इथेच." "उतरतो."

पाठ काही बोलली नाही.

"मौन म्हणजे होकार," दाऊदजी डोळे मिटूनच कुजबुजले.

"तसं नाही चालणार," मुसाजी कुजबुजला. "शब्द उच्चारला गेला पाहिजे. नाहीतर कद्दीश बाद."

"मग उच्चारेल. थांबा जरा."

ते थांबले. डोळे मिटून, मान खाली घालून, एका कवचाच्या तोंडून शब्द येण्याची वाट बघत नऊ शहाणे उभे राहिले. सूर्य अर्धा गेला. रिबानं समुद्राकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, मग डोळे मिटलेल्या त्या नऊ तोंडवळ्यांकडे बघितलं. तिला ओरडता आलं असतं. शिव्या देता आल्या असत्या. मी असतो तर दिल्या असत्या. पण सूर्य कुणासाठी थांबत नव्हता आणि बाप तिचा होता.

ती पाठीच्या मागे वाकली आणि तिच्या बापासारखंच, हळू, म्हणाली, "बघ."

कातळावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. साळिंदराला तर आधीच होता.

"बोलली," मोर पुटपुटला.

"हसाजी बोलला," एलोजीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मी सांगत नव्हतो?" दाऊदजी म्हणाले. "एकी असली की दगडाला वाचा फुटते."

कुणीही डोळे उघडून बघितलं नाही. चमत्काराकडे टक लावून बघणं बरं नव्हे, असं मुसाजीनं नंतर सांगितलं.

मग कद्दीश झाली. रिबा म्हणाली, त्याचं राज्य मोठं होवो. तिचा आवाज बारीक, चिरकत येणारा. त्या जंगलात कितीतरी दिवसांनी हुप् सोडून दुसरा सूर लागला होता. नऊ जण म्हणाले, तथास्तु. ते कवचाकडे तोंड करून म्हणाले. पाय जोडून, रडत रडत म्हणाले. मेलेला त्यांच्या लक्षात नव्हता. पण तोंडं उघडली. इसाजीला तेवढंच हवं होतं.

रिबानं एकटीनं माती लोटली. शेवटची मूठ पडली आणि सूर्याची कड गेली.

त्याच्या आधी तिनं दिवा लावला होता. ती सवय होती.

शनिवार पार पडला. रविवारी रिबानं घाण्याचे दोन दगड उपटले आणि ढकलत ढकलत खाडीकडे निघाली. दाऊदजी वडावरून उतरले. "अगं, कुठे निघालीस? शुक्रवारचं तेल?"

"पाठीला सांगा, काका," रिबा म्हणाली. "ती बोलते ना."

पुढच्या शुक्रवारी कातळावर पुन्हा वाक्य सुरू झालं. नवव्या शब्दानंतर सगळे थांबले. पाठ बोलली नाही. मुसाजीनं खुलासा केला, की एकदा बोललेली पाठ पुन्हा बोलत नसते, तिचं पहिलं बोलणंच कायमचं धरायचं. ते सगळ्यांना पटलं. मग सूर्य बुडाला आणि दिवा लागला नाही.

अंधार झाला. कुणालाच कुणी दिसेना.

"घाबरू नका," मुसाजी म्हणाला. "राजा लपलेला असतो असं शिकवणीतच आहे. जितका अंधार जास्त तितका तो जवळ. आज तो फारच जवळ आहे."

"मला कुणाचा तरी पाय लागतोय," एलोजी म्हणाला.

"तोच असेल."

तेवढ्यात खवल्या मांजराला खाडीपलीकडे उजेड दिसला. लहान, पिवळा, न हलणारा. वाऱ्यावरून करंजाच्या तेलाचा वासही आला. आणि आवाज आले. काव आला, कुहू आला, डुकराचं हसणं आलं, आणि पूर्ण चोच उघडून कुणीतरी ओरडलं. सगळं एकाच वेळी. काहीच जुळत नव्हतं, तरी ऐकत राहावंसं वाटत होतं.

"तिकडे किती जण असतील?" सशानं विचारलं. होय, सशानं. वाक्यातला ठरलेला शब्द सोडून अंधारात त्याला पहिल्यांदा कंठ फुटला.

"तिकडे दहा होत असतील का?" मोर म्हणाला.

"ते काजवे आहेत," दाऊदजी वडवाडकर म्हणाले. "तिकडे बघू नका. डोळे मिटा. एकीनं उभे राहा."

सगळे उभे राहिले. म्हणजे, सगळे नाही. अंधारात चार उड्यांचा आवाज झाला आणि पाण्यात काहीतरी पडलं. ससा होता. पोहता येत नव्हतं त्याला, पण तो पोचला म्हणतात. पलीकडे कुणी मोजत नाही, त्यामुळे तो कितवा हे सांगता येणार नाही.

कातळावर आता वाक्य आठव्या शब्दाशी थांबतं. त्यावर मुसाजीचं नवं प्रवचन तयार आहे.

तात्पर्य : राजा सगळ्यांत आहे हे एकदा पाठ झालं, की सगळ्यांकडे बघण्याची गरज उरत नाही. एकी करताना कुणी कमी पडलाच तर जिवंत माणूस शोधत बसू नये. त्याला वास असतो, आवाज असतो आणि बाप असतो. त्यापेक्षा एखाद्या मेलेल्या गुरूची पाठ घासूनपुसून रिंगणात मांडावी. ती जागा अडवत नाही, उलट बोलत नाही. आणि बोललीच, तर मागे कोण वाकलं होतं हे बघायला डोळे उघडावे लागतात, आणि ते तर शास्त्रातच बसत नाही.